पहिलटकरीण आणि हिवताप

हिवताप म्हटला की हुडहुडी, चढता ताप आणि घामाने भिजलेले अंथरूण एवढेच चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु आफ्रिकेतील ज्या प्रदेशांत या रोगाचा जोर मोठा आहे, तेथील गरोदर स्त्रीला पुष्कळदा तापही येत नाही. लहानपणापासून डासांचे दंश सोसून तिच्या अंगी काही प्रतिकारशक्ती आलेली असते. ती शेतावर राबते, पाणी भरते; आत मात्र तिचे रक्त कमी होत जाते. ताप नाही म्हणजे रोग नाही, हा समज तिच्या बाबतीत घातक ठरतो.

बालपणी कमावलेली ही शक्ती गरोदरपणी अपुरी का पडावी? मिशाल फ्रीड आणि पॅट्रिक डफी यांच्या १९९६ सालच्या संशोधनाने या कोड्याचा उलगडा होऊ लागला. फाल्सिपेरम जातीच्या जंतूंनी ग्रासलेल्या तांबड्या पेशी गर्भाचे पोषण करणाऱ्या वारेतील एका विशिष्ट द्रव्याला चिकटतात आणि तेथेच साठतात. वार गर्भारपणीच निर्माण होते. साहजिकच तिला चिकटणारा जंतूंचा हा प्रकार स्त्रीच्या शरीराला अनोळखी असतो. त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडे पहिल्या खेपेस तयार होऊ लागतात आणि पुढच्या खेपांना कामी येतात. तिसऱ्या-चौथ्या खेपेची स्त्री त्यामानाने सुरक्षित आणि पहिलटकरीण सर्वांत असुरक्षित, असा हा विपरीत न्याय आहे.

या शिक्षणाची किंमत रक्तातच मोजावी लागते. जंतूंनी पोखरलेल्या पेशी फुटतात, प्लीहा निरोगी पेशींचाही संहार करते आणि हाडांतील मज्जेत नव्या पेशींची निर्मिती मंदावते. शरीराचा प्रतिकारही येथे दुधारी ठरतो. वारेत धावून आलेल्या पांढऱ्या पेशींमुळे होणारा दाह गर्भाच्या पोषणात अडथळा आणतो आणि मूल कमी वजनाचे जन्मते. शंभर मिलिलिटर रक्तात ११ ग्रॅमपेक्षा कमी हिमोग्लोबिन म्हणजे गरोदरपणीचा रक्तक्षय. ते ७ ग्रॅमच्या खाली गेले की एरवी निभावून जाणारा प्रसूतीतील रक्तस्रावही प्राण घेऊ शकतो.

उपाय ज्ञात आहे आणि स्वस्तही आहे. चौथ्या महिन्यापासून, किमान महिन्याच्या अंतराने, प्रत्येक तपासणीच्या वेळी सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिनची मात्रा द्यावी आणि औषध लावलेल्या मच्छरदाणीत झोपावे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. तथापि, संघटनेच्याच अंदाजानुसार २०२२ साली आफ्रिकेतील ३३ देशांत सुमारे ३ कोटी ५४ लाख गरोदर स्त्रियांपैकी १ कोटी २७ लाख स्त्रियांना हिवतापाचा संसर्ग झाला. तीन मात्रा मिळाल्या त्या केवळ ४२ टक्के स्त्रियांना. औषधाचा खर्च सरकारी हिशेबात लिहिला जातो. दवाखान्यापर्यंतची पायपीट, बुडालेली दिवसाची मजुरी आणि गोळ्या संपल्या म्हणून मारावा लागलेला रिकामा हेलपाटा मात्र कोणत्याच खतावणीत येत नाही. तो सारा खर्च त्या स्त्रीच्या नावे पडतो. उपाय फुकट असूनही महाग का, याचे उत्तर येथे आहे.

भारतातील स्थिती निराळी आहे. येथील बहुतेक भागांत रोगाचा प्रसार कमी असल्याने प्रतिकारशक्ती फारशी कमावलीच जात नाही, म्हणून कोणत्याही खेपेस धोका राहतो. प्रतिबंधक मात्रांऐवजी येथे भर आहे तो रक्ततपासणी, तातडीचे उपचार आणि मच्छरदाण्या यांवर. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. त्याची कारणे अनेक आहेत आणि निकस आहार हे त्यांतील ठळक कारण. नेमके म्हणूनच, गडचिरोलीसारख्या जंगलपट्ट्यात फिकट पडलेल्या गरोदर बाईच्या हाती केवळ लोहाच्या गोळ्या ठेवून कर्तव्य संपले असे मानता येणार नाही. तिच्या रक्तात हिवतापाचे जंतू आहेत की नाहीत, हेही वेळीच पाहिले गेले पाहिजे आणि त्यासाठी तपासणीने तिच्या पाड्यापर्यंत गेले पाहिजे.

पहिलटकरणीचे शरीर एका बाळंतपणात धडा शिकू लागते. तोच धडा शिकण्यास शासनयंत्रणेला आणखी किती बाळंतपणे लागणार, हा खरा प्रश्न आहे.