तराजू गेला, तख्तहि गेलें

अरबांच्या मुलुखांत २०१० च्या अखेरीस जी उलथापालथ सुरू झाली तिला शहरी पंडितांनीं 'वसंत' असें गोंडस नांव दिलें. नांव देणारे कधीं बाजारांत पाटी घेऊन बसलेले नसावेत. ट्युनिशियांतील सिदी बुझीद या आडवळणाच्या गांवीं मोहंमद बुअझीझी हा २६ वर्षांचा तरुण हातगाडीवर फळें-भाजी विकून घर चालवी. १७ डिसेंबर २०१० रोजीं नगराच्या अंमलदारांनीं त्याचा माल व तराजू उचलून नेला. तो सुभ्याच्या कचेरींत दाद मागूं गेला. तेथें त्यास दारांत कोणी उभें करीना. कचेरीसमोरच त्यानें स्वतःस पेटवून घेतलें. एका बाई अंमलदारानें त्यास थप्पड मारली ही वार्ता जगभर गेली. पुढें कोर्टानें त्या बाईस सोडून दिलें. थपडेचा वाद वकिलांनीं खुशाल घालावा. तराजू नेला तो नेलाच, आणि तराजू गेला कीं माळव्याच्या धंद्यांत काय उरतें, हें वाचकांस आम्हीं काय सांगावें? ४ जानेवारी २०११ ला तो वारला. १४ जानेवारीस, तेवीस वर्षें गादी अडवून बसलेला बेन अली सौदी अरबस्तानांत पळाला!

इजिप्तांत भाकरीला 'ऐश' म्हणतात. त्या शब्दाचा मूळ अर्थ जगणें. २५ जानेवारी २०११ पासून कैरोच्या तहरीर चौकांत जी गर्जना उठली तिचा पहिला शब्द तोच: भाकरी, स्वातंत्र्य, सामाजिक न्याय. हा क्रम उगाच नव्हता. १९५२ सालीं राजाला घालवून आलेल्या सरकारनें बड्या जमीनदारांस दोनशें फेदानांची मर्यादा घातली (फेदान आपल्या एकराहून किंचित् मोठा), खंड सरकारी साऱ्याच्या सातपट ठरविला, आणि कुळाच्या मागें त्याचा मुलगा तीच जमीन कसूं लागला. १९९२ च्या ९६ व्या कायद्यानें कुळांस दिलेलें हें संरक्षण परत घेतलें. खंड आधीं साऱ्याच्या बावीसपट. ऑक्टोबर १९९७ पासून तर मालक म्हणेल तो खंड, नाहींतर वाट धर! आडवे आले ते शेतकरी तुरुंगांत गेले, कांहीं जिवानिशीं गेले. तहरीर चौकाचीं चित्रें साऱ्या जगानें पाहिलीं; हीं कुळें कोणत्याच चित्रांत नाहींत.

विणकरांचेंहि तसेंच. डिसेंबर २००६ मध्यें महल्ला येथील मोठ्या सरकारी गिरणींत कबूल केलेला बोनस मिळाला नाहीं. आधीं बायांनीं काम सोडलें आणि "पुरुष कोठें आहेत?" असें ओरडत त्या फिरल्या. पुरुष आले, वीस हजारांवर कामगार थांबले. फेब्रुवारी २०११ मध्यें ठिकठिकाणीं संप झाले तेव्हां ही वाट मळलेली होती. ११ तारखेस होस्नी मुबारक गेला.

गेला तो माणूस. लष्कर जागचें हललें नाहीं. निवडून आलेल्या मुर्सीस ३ जुलै २०१३ रोजीं सेनापति सिसीनें उतरविलें, ऑगस्टांत राबा चौकांत शेंकडों माणसें मारलीं गेलीं, आणि २०१४ त सिसीच अध्यक्ष झाला. लिबिया व येमेन यादवींत बुडाले. सिरियांत असद डिसेंबर २०२४ मध्यें पळाला, पण तोंवर लाखों मेले. ट्युनिशियानें तेवढी कामगार संघाच्या मध्यस्थीनें २०१४ ची राज्यघटना उभी केली. तीहि २०२१ मध्यें अध्यक्ष सईदनें बासनांत गुंडाळली. मतपेटींतून आलेला माणूसच पार्लमेंटला कुलूप लावतो, यास काय म्हणावें?

१९७७ च्या जानेवारींत सादातनें भाकरीसारख्या जिनसांवरची सरकारी सूट काढली, तेव्हां इजिप्त पेटला आणि दोन दिवसांत हुकूम मागें आला. १ जून २०२४ रोजीं सिसीनें रेशनची भाकरी पांच पियास्त्रांची वीस केली. तीस वर्षांहून अधिक काळ त्या दराला कोणी हात लावला नव्हता, आणि सुमारें सात कोटी माणसें तीवर जगतात. या खेपेस रस्ते पेटले नाहींत. नोव्हेंबर २०१३ च्या कायद्यानें परवानगीवांचून मोर्चा काढणें तेथें गुन्हा आहे.