सेंट्रिंग कुणाचं, मजुरी कुणाची?

आठ मार्च आला की व्यासपीठावरून हमखास ऐकू येतं, स्त्री ही कुटुंबाचा आधार आहे. आधार कशाला म्हणतात ते या वक्त्यांनी एकदा बांधकामावर जाऊन बघावं. ओल्या काँक्रीटला स्वतःचं वजन पेलत नाही. ते घट्ट होईपर्यंत खालून फळ्या, लोखंडी प्लेटा, बल्ल्या, जॅक लावून तोलून धरावं लागतं. हेच सेंट्रिंग. स्लॅब पक्का झाला की सगळं उतरवून वरच्या मजल्यावर नेतात. घर विकत घेणाऱ्याला त्याची खूणही दिसत नाही. आणि ते वाहणाऱ्या बाईचं नाव बहुतेक वेळा हजेरीपटावरही दिसत नाही!

कामाची वाटणी बघा. पुरुष मापं घेतो, फळी कापतो, शिकंजे आवळतो. तो 'सेंट्रिंग मिस्त्री'. बाई प्लेटा डोक्यावरून वर चढवते, त्यांना चिकटलेलं काँक्रीट खरवडते, पुन्हा चिकटू नये म्हणून जळकं ऑईल चोपडते, खोललेल्या फळ्यांतले खिळे उपसून ठोकून सरळ करते. ती 'बिगारी'. ऑईल नीट लागलं नाही तर प्लेट सुटताना काँक्रीटचा टवका निघतो, हे तिला पक्कं ठाऊक असतं. पण किमान वेतनाच्या तक्त्यातल्या कुशल, अर्धकुशल, अकुशल या तीन पायऱ्यांपैकी तिच्या वाट्याला शेवटचीच येते. तिच्यानंतर कामाला लागलेला पोरगा चार वर्षांत मिस्त्री होतो, पंधरा वर्षं राबलेली ती बिगारीच राहते.

का, तर म्हणे बायकांना उंचावरचं काम जमत नाही, साडीत पाय अडकतो. मग भरलेलं घमेलं डोक्यावर घेऊन परांचीवरून कोण चढतं? तेव्हा साडी आडवी येत नाही. मजुरी वाढवायची वेळ आली की येते.

१९७६ च्या समान वेतन कायद्याला ठेकेदाराचं ठरलेलं उत्तर होतं: "काम सारखंच कुठे आहे?" हा कायदा आता २०१९ च्या वेतन संहितेत सामावला आहे. समान काम ठरवताना संहिता कौशल्य, श्रम आणि जबाबदारीबरोबर अनुभवही मोजायला सांगते. पण बाईला पहार आणि करवत हातात धरूच दिली नाही, तर ती कौशल्य दाखवणार कशात? आधी काम वाटायचं, मग त्या वाटणीकडे बोट दाखवून मजुरी कापायची, हा जुनाच डाव आहे.

शिवाय सेंट्रिंगचा ठेका बहुधा चौरस फुटावर जातो. त्या दरात वाहणं, खरवडणं, खिळे उपसणं सगळं धरलेलं असतं. पैसे मात्र जोडीच्या नावाने नवऱ्याच्या हातात पडतात.

आता धोक्याचं बघू. आय.एस. ४५६ या मानकाप्रमाणे साध्या सिमेंटच्या आणि साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबचे टेकू किमान ७ दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याचे १४ दिवस आणि सहा मीटरहून लांब तुळईचे २१ दिवस काढायचे नसतात. पण प्लेटा भाड्याच्या असतात, रोजचं भाडं चढत असतं. म्हणून घाई होते. घाईने खोललेल्या स्लॅबखाली प्लेटा गोळा करायला कोण वाकलेलं असतं? बिगारी बाईच. टेकू कधी काढायचे हे मात्र तिला कुणी विचारत नाही.

कल्याणकारी मंडळाच्या मदतीसाठी मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. १९९६ च्या कायद्यातली ही अट २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही कायम आहे. हजेरी नवऱ्याच्या नावावर लागली तर हिने दाखला आणायचा कुठून? मंडळाचा पैसा बांधकाम खर्चावरच्या एक टक्का उपकरातून येतो. त्या खर्चात तिचाही घाम आहे.

मैत्रिणींनो, शिवणयंत्रं आणि पापड-मसाल्यांची शिबिरं पुष्कळ झाली. अहमदाबादच्या 'सेवा'ने कर्मिका शाळेत बायकांना गवंडीकाम शिकवलं. सेंट्रिंगचं शिक्षण आपल्या नाक्यानाक्यांवर का मिळू नये? मागण्या सरळ आहेत. बाईची हजेरी आणि मजुरी तिच्या नावाने, तिच्या हातात. तेल लावणं, खोलणं, खिळे काढणं या कामाला अर्धकुशल दर. काम शिकून मिस्त्री होण्याचा रस्ता खुला. स्लॅब कधी भरला आणि टेकू कधी काढायचे, या तारखा कामावर सगळ्यांना दिसतील अशा लिहिलेल्या, आणि त्याआधी खाली जायला नकार देण्याचा हक्क.

आधारस्तंभ म्हणून सत्कार नको. मिस्त्रीचा दर द्या.