वासे पोखरणारा भुंगा आणि शेतकऱ्याचें हित

ओटीच्या वाशापाशीं घोंघावणारा मोठा काळा भुंगा आणि त्याखालीं पडलेला लांकडाचा भुसा आपल्या वाचकांच्या चांगल्या परिचयाचा आहे. भुसा दिसला कीं घरधनी घासलेट किंवा पेटता पलिता घेऊन भुंग्याच्या पाठीस लागतो. लांकूड राखण्याची त्याची इच्छा रास्त आहे. परंतु हा उपाय त्याच्याच शेतीस बाधक आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

प्रथम खरा अपराधी कोण, तें ओळखलें पाहिजे. वाळवी लांकूड खाते. घुणाची अळीही लांकडांतच पोसते आणि टांचणीनें टोचल्यासारख्या भोंकांतून पिठासारखी भुकटी पाडते. गांधीलमाशी जुन्या लांकडाचे वरवरचे तंतु खरवडून त्यांच्या लगद्याचें पोळें करते. कुंभारीण आपलें मातीचें घर लांकडास नुसतें चिकटविते. या दोघींपासून इमारतीस धोका नाहीं. भुंगा लांकूड पोखरतो, पण खात नाहीं. मादी करंगळीएवढें वाटोळें भोंक पाडते, थोडें आंत जाऊन लांकडाच्या रेषांच्या दिशेनें वळते, आणि त्या बोगद्यांत पराग व मधुरस यांचा गोळा ठेवून त्यावर एक अंडें घालते. मग भुशाचा पडदा करून ती खोली बंद करते व पुढची खोली घेते. ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायांत भ्रमराचा दृष्टांत आला आहे, तो त्याच्या याच लांकूड कोरण्याच्या सामर्थ्यावर उभा आहे.

एका भोंकानें वासा मोडत नाहीं, हें खरें. परंतु तीच जागा पुनःपुन्हां वापरली जाऊन बोगदे वाढतात, म्हणून दुर्लक्षही करूं नये. आतां याच्या उलट बाजूस काय आहे, तें पाहूं.

हिरवळीच्या खतासाठीं आपण ताग पेरतों. तागाच्या फुलांत बीं धरण्यास बहुधा जड अंगाच्या माशीची भेट लागते. तिच्या भारानें फुलाची नाव दबून पराग बाहेर येतो. हें काम भुंगा उत्तम करतो. वांग्याच्या फुलाचा पराग केसरांच्या टोकाच्या बारीक छिद्रांतून सुटतो. भुंगा फूल धरून अंग थरथरवितो व तो झाडून घेतो. मधमाशीस हें साधत नाहीं. तुरीच्या फुलांवरही त्याची फेरी असते. संकरित तुरीचें बियाणें तयार करतांना तर नराच्या ओळींतील पराग मादीच्या ओळींत कीटकांनींच न्यावा लागतो.

कोणी म्हणेल, एक भुंगा मेल्यानें काय बिघडतें? मधमाशीच्या एका पोळ्यांत हजारों माश्या असतात. भुंग्याच्या मादीची संतति मात्र मोजकीच असते. शिवाय बांधावरचीं वठलेलीं झाडें आपण सरपणासाठीं तोडतों. मग त्यानें घरीं येऊं नये तर जावें कोठें? दंशाची भीतिही फाजील आहे. नरास नांगी नसते, आणि मादी हातांत धरल्याखेरीज सहसा डसत नाहीं.

यास्तव आमची सूचना अशी: उघड्या वाशांस, विशेषतः त्यांच्या टोकांस, तेलरंगाचे दोन जाड हात द्यावे, कोरडें, मऊ व रंग नसलेलें लांकूड भुंग्यास अधिक आवडतें. जुनीं भोंकें त्यांतील पिलें बाहेर पडून ये-जा बंद झाल्यावरच लांकडी खुंटी ठोकून व लांबी भरून बुजवावीं, आणि वरून रंग द्यावा. जो वासा ठोकून पोकळ वाजेल, तो बदलावा. त्याचबरोबर पांगारा किंवा सांवर यांचे वाळलेले ओंडके आणि एका टोकास उघडीं बांबूचीं पेरीं बांधावर, पावसापासून आडोसा करून, ठेवावीं.

रंगाचा डबा व चार ओंडके यांस खर्च तो कितीसा? घर रंगानें राखावें व भुंग्यास बांधावर जागा द्यावी. पलित्यानें वासा राखण्याच्या भरांत तागाचें बीं व वांग्याचें फळ गमावणें हा शेतकऱ्यास परवडणारा सौदा नव्हे.