पेनल्टी हुकलेले मूल घरी येते तेव्हा

पावसाळा सुरू झाला की शाळांच्या फुटबॉल स्पर्धांचे दिवस येतात. नगर शहर असो, भिंगार असो की श्रीरामपूर-संगमनेर, मैदानावर चिखल असतो आणि त्या चिखलात आपली मुले असतात. आता मुलीही दिसू लागल्या आहेत, ही आनंदाची गोष्ट. या स्पर्धा बहुतेक बाद पद्धतीने होतात. हरला तो संघ घरी. त्यामुळे सामना बरोबरीत संपला की पेनल्टी आल्याच. मग संध्याकाळी कुठल्या तरी घरात एक मूल मान खाली घालून येते, बूट कोपऱ्यात टाकते आणि हाक मारली तरी जेवायला उठत नाही. त्याची पेनल्टी हुकलेली असते. या महिन्यात त्या मुलाबद्दल आणि त्याच्या घराबद्दल बोलू.

ज्यांच्या घरी फुटबॉलचा वावर नाही त्यांच्यासाठी नियम थोडक्यात सांगते. गोलपासून 11 मीटरवर चेंडू ठेवतात. समोर फक्त गोलरक्षक. दोन्ही संघांना पाच-पाच संधी मिळतात. तरीही बरोबरी राहिली तर एकेक संधी देत जातात आणि एकाचा गोल होऊन दुसऱ्याचा हुकला की निकाल लागतो. गोल 7.32 मीटर रुंद आणि 2.44 मीटर उंच असतो. एवढ्या मोठ्या जागेत एवढ्या जवळून मारायचे, म्हणून बघणाऱ्याला ते सोपे वाटते. अवघडपणा तिथेच आहे. गोलरक्षकाला चेंडू अडवता आला नाही तर कुणी बोल लावत नाही. मारणाऱ्याचा हुकला तर सगळेच बोलतात.

फुटबॉलच्या नियमांत ही पद्धत 1970 साली आली. त्याआधी काय होत असे? 1968 च्या युरोपीय स्पर्धेत इटली आणि सोव्हिएत संघ यांचा उपांत्य सामना बरोबरीत सुटला, तेव्हा नाणे उडवले गेले आणि इटली अंतिम फेरीत पोचली. खेळाडूंच्या मेहनतीचा निकाल नाण्यावर लागावा हे कुणालाच पटणारे नव्हते. पण नाण्याच्या निकालात दोष कुणाच्याच माथी येत नाही. पेनल्टीच्या निकालात मात्र एक नाव मागे उरते.

आता आपल्या शेजारच्या गोव्यातली गोष्ट. 20 मार्च 2022 रोजी मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना झाला. हैदराबाद विरुद्ध केरळा ब्लास्टर्स. केरळाच्या राहुलने 68 व्या मिनिटाला गोल केला. सामना संपत आलेला असताना, 88 व्या मिनिटाला, हैदराबादच्या साहिल तावोराने बरोबरी साधली. जादा वेळेतही निकाल लागला नाही. मग पेनल्टी. हैदराबादचा गोलरक्षक होता गोव्याचाच लक्ष्मीकांत कट्टीमणी. त्याने केरळाच्या तीन खेळाडूंचे फटके अडवले. त्यातल्या निशू कुमारचा फटका अडवताना तो वेळेआधी रेषेच्या पुढे आला होता, म्हणून पंचांनी तो फटका पुन्हा घ्यायला लावला. कट्टीमणीने तोही अडवला. हैदराबाद 3-1 ने जिंकले. त्या रात्री सगळीकडे त्याचेच नाव होते.

पण हेच मैदान, हीच स्पर्धा आणि हाच गोलरक्षक यांची आणखी एक रात्र होती. 20 डिसेंबर 2015. तेव्हा कट्टीमणी एफसी गोवा संघाकडून, घरच्या प्रेक्षकांसमोर, चेन्नईविरुद्ध अंतिम सामना खेळत होता. 87 व्या मिनिटाला गोव्याने 2-1 अशी आघाडी घेतली. करंडक जवळपास हातात आला होता. नव्वदाव्या मिनिटाला गोलसमोरच्या गोंधळात चेंडू कट्टीमणीकडूनच आपल्या गोलमध्ये गेला. स्वयंगोल. त्यानंतर दोनच मिनिटांत चेन्नईच्या मेंडोझाने तिसरा गोल केला आणि गोवा 3-2 ने हरले. धावफलकावर एक गोल कट्टीमणीच्या नावावर लागला, तोही स्वतःच्याच संघाविरुद्ध.

या दोन रात्रींमध्ये सव्वासहा वर्षांचे अंतर आहे. 2015 च्या रात्री त्याच्याबद्दल कायमचा निकाल देऊन टाकला असता, तर 2022 ची रात्र आलीच नसती. ती आली, कारण तो खेळत राहिला आणि कुणीतरी त्याच्या हाती पुन्हा ग्लोव्हज दिले. यातली पहिली गोष्ट खेळाडूची स्वतःची. दुसरी त्याच्या आजूबाजूच्या माणसांची. आपल्या घरांचा संबंध या दुसऱ्या गोष्टीशी आहे.

सगळ्यांनाच अशी वागणूक मिळत नाही. इंग्लंडमध्ये दुसऱ्या श्रेणीतले पहिले दोन संघ थेट सर्वोच्च श्रेणीत जातात आणि 2023 मध्ये तिसऱ्या ते सहाव्या क्रमांकाचे संघ उरलेल्या एका जागेसाठी आपसांत लढत होते. 27 मे 2023 रोजी लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर त्या एका जागेसाठी ल्युटन आणि कोव्हेंट्री समोरासमोर आले. ल्युटन म्हणजे ज्याच्या मैदानाभोवती बरी पार्क नावाची वस्ती आहे आणि तिथे पाकिस्तानी, काश्मिरी, बांगलादेशी मुस्लिम कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात, ते गाव. नऊ वर्षांपूर्वी हा संघ पाचव्या श्रेणीत होता. सामना 1-1 असा सुटला. दोन्ही संघांच्या पहिल्या पाचही पेनल्टी गोलमध्ये गेल्या. ल्युटनची सहावीही गेली. कोव्हेंट्रीच्या फँकाटी डाबोचा सहावा फटका गोलवरून गेला. 6-5. ल्युटन वर गेले, कोव्हेंट्री राहिले.

सामन्यानंतर डाबो या कृष्णवर्णीय खेळाडूला समाजमाध्यमांवर वर्णद्वेषी शिव्या देण्यात आल्या. त्याआधी 2021 च्या युरो अंतिम सामन्यात पेनल्टी हुकलेल्या इंग्लंडच्या तीन कृष्णवर्णीय खेळाडूंच्या वाट्यालाही हेच आले होते. त्यांतला बुकायो साका तेव्हा 19 वर्षांचा होता. त्याला संघाने दूर केले नाही. 2024 च्या युरो स्पर्धेत स्वित्झर्लंडविरुद्ध पुन्हा पेनल्टीची वेळ आली तेव्हा तोच साका पुढे गेला आणि त्याने गोल केला.

आणि ज्या विजयासाठी डाबोला एवढे ऐकावे लागले, तो किती दिवस टिकला? ल्युटन एका हंगामात सर्वोच्च श्रेणीतून खाली आले आणि 2025 मध्ये आणखी एक पायरी उतरून तिसऱ्या श्रेणीत गेले. जिंकणाऱ्याचे स्थान दोन वर्षे टिकले नाही, मग हुकणाऱ्याच्या कपाळावरचा शिक्का तरी कायमचा का असावा?

आता आपल्या घरी येऊ. पोर घरात पाऊल ठेवते आणि पहिला प्रश्न येतो, “किसने मिस किया?” कधी अब्बांचा, कधी चाचूंचा. उत्तर मुलाच्या चेहऱ्यावरच असते, तरी विचारले जाते. दादी म्हणते, “अरे, आधी पाणी तरी पिऊ द्या त्याला.” दादीचे ऐकावे. त्या संध्याकाळी मुलाला पाणी, आंघोळ आणि जेवण हवे असते. फटका कसा मारायला हवा होता हे सांगायला पुढचा आठवडा मोकळा आहे, आणि ते सांगायला प्रशिक्षक आहेत.

दुसरी गोष्ट मोबाईलची. हुकलेल्या पेनल्टीची चित्रफीत आता सामना संपण्याआधीच मोहल्ल्याच्या ग्रुपवर येते, तिच्यावर हसण्याच्या खुणांचा पाऊस पडतो. आपल्या मुलाची असो की दुसऱ्याच्या, ती पुढे पाठवू नये. घरातल्या मोठ्या मुलांनाही हे बजावावे. वेम्ब्लीच्या खेळाडूच्या मागे त्याचा क्लब उभा राहतो. चौदा वर्षांच्या पोरामागे फक्त त्याचे घर असते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पुढच्या सरावाला त्याला पाठवा. “बस झाला फुटबॉल, अभ्यासाला लाग” हे वाक्य त्या आठवड्यात तरी नको. मुलगी असेल तर हे वाक्य जास्तच लवकर येते आणि तिचा खेळ तिथेच थांबतो. ज्या दिवशी हुकले त्याच दिवशी खेळ सोडायला लावला, तर मुलाच्या मनात शेवटची आठवण हुकल्याचीच राहते. पुढे ते कुठल्याच 11 मीटरवर उभे राहायला धजावत नाही.

हे फक्त मैदानापुरते नाही. दहावी-बारावीचा निकाल, पोलीस भरतीची धाव, नोकरीची मुलाखत, या सगळ्या आपल्या पोरांच्या पेनल्टीच आहेत. वर्षभराची मेहनत काही मिनिटांत मोजली जाते. पुरवणी परीक्षेचा अर्ज भरणारा मुलगा आणि तो अर्ज न भरता घरी बसणारा मुलगा यांच्यात हुशारीचा फरक फारसा नसतो. निकालाच्या दिवशी घरात त्याच्याशी कोण काय बोलले, याचा फरक बराच असतो.

मेहनत आपली, निकाल अल्लाहच्या हाती, असे आपण परीक्षेच्या आदल्या रात्री मुलांना सांगतो आणि डोक्यावर हात ठेवून दुआ देतो. निकाल मनासारखा लागला नाही की तो सगळा त्या पोराच्याच हाती होता असे वागतो. आदल्या रात्रीचे आपलेच शब्द दुसऱ्या दिवशीही लक्षात ठेवले, तरी पुष्कळ झाले.

एक लक्षात घ्या. पाच नावे विचारली जातात तेव्हा बरीच मुले मान वळवतात. ज्याची हुकली, तो पुढे झालेला होता. एवढी हिंमत असलेल्या मुलाचे ताट आज गरम ठेवा. तो उशिरा उठेल, पण जेवायला येईल.