यमाचा रेडा आणि घरची म्हैस

दर नोव्हेंबरात मी बँकेत जाऊन जिवंत असल्याचं सिद्ध करतो. हयातीचा दाखला. पूर्वी मॅनेजरसमोर सही केली की भागायचं, आता यंत्रावर अंगठा ठेवावा लागतो आणि ७१ वर्षांच्या अंगठ्यावर रेषा फारशा उरलेल्या नसतात. या खेपेला यंत्रानं मला तीनदा नाकारलं. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, तुमचं येत नाहीये हो." रांगेत माझ्या मागे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ उभे होते. ते शांतपणे म्हणाले, "घरी एकदा विचारून या. रात्रीतून गेला असाल तर?"

सगळी रांग हसली. मीही हसलो. बोट रुमालाला पुसून चौथ्यांदा ठेवलं आणि सरकारदरबारी आणखी एका वर्षापुरता जिवंत झालो.

घरी येऊन हा किस्सा मी आमच्या जुन्या सहकाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. सगळे वर्तमानपत्रातले, सगळे साठीच्या पुढचे. सकाळी सहाला गुलाबाची फुलं येतात, साडेसहाला कुणाच्या तरी निधनाची बातमी येते आणि सातपासून जगभरातल्या चमत्कारिक बातम्यांचा रतीब सुरू होतो. माझ्या किश्श्याखाली अर्ध्या तासात कुणीतरी डकवलं : 'जिवंत माणूस कागदोपत्री मृत! स्वतःच्या बायकोसाठी मागितली विधवा पेन्शन!!' गावाचं नाव नाही, माणसाचं नाही, तारीख नाही. खाली डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसणारे पिवळे चेहरे, ओळीनं.

ही बातमी मला माहीत होती. त्या माणसाचं नाव लाल बिहारी. उत्तर प्रदेशातल्या आझमगढ जिल्ह्यातले, विणकाम करणारे. सत्तरच्या दशकात कर्जासाठी कागद काढायला गेले तेव्हा त्यांना कळलं, की महसुली नोंदींप्रमाणे आपण वारलो आहोत आणि आपल्या वाटणीचा जमिनीचा तुकडा चुलत्याकडच्यांच्या नावावर चढला आहे. समोर उभ्या असलेल्या माणसाला कारकून सांगतोय, तुम्ही नाही आहात. मग त्यांनी काय काय केलं ते बघा. आपल्यावर गुन्हा दाखल झाला तर आपोआप जिवंत ठरू, म्हणून चुलतभावाला पळवून नेलं. बायकोसाठी विधवा पेन्शनचा अर्ज केला. नावापुढे 'मृतक' लावलं आणि आपल्यासारख्या कागदी मृतांचा 'मृतक संघ' काढला. १९८८ मध्ये अलाहाबादच्या पोटनिवडणुकीत विश्वनाथ प्रताप सिंहांविरुद्ध उभे राहिले, १९८९ मध्ये अमेठीत राजीव गांधींविरुद्ध. मेलेल्या माणसाला उमेदवारी मिळते, सातबारावर नाव मिळत नाही! अखेर १९९४ मध्ये सरकारी कागदांनी त्यांना जिवंत करून घेतलं.

२००३ मध्ये त्यांना इग्नोबेल पारितोषिक मिळालं, तेही शांततेचं. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या कामगिरीसाठी हे पारितोषिक दिलं जातं, आणि तेव्हा त्याचा समारंभ अमेरिकेत हार्वर्डला व्हायचा. एकेकाळी मृत असलेल्या माणसाला भारत सरकारनं पासपोर्ट दिला, पण अमेरिकेनं देशात येऊ दिलं नाही, म्हणून त्यांच्या वतीनं दुसऱ्याला ते घ्यावं लागलं. पुढे त्यांच्या आयुष्यावर 'कागज' नावाचा हिंदी चित्रपटही आला, २०२१ मध्ये.

विधवा पेन्शनचा अर्ज हा विनोद आहेच. काळाकुट्ट आणि अस्सल. पण तो लाल बिहारींनी स्वतः केलेला विनोद आहे, दुसरं हत्यार हाती नव्हतं म्हणून केलेला. आमच्या ग्रुपवर पोहोचेपर्यंत त्यातला विनोद करणारा माणूस गळाला आणि हसू येण्याजोगा एक वेडपट तेवढा उरला. जवळपास दोन दशकांची लढाई गेली, चुलता गेला, तलाठी गेला. सगळ्यात सोयीचं म्हणजे तलाठी गेला.

आता इथे मी नाकानं कांदे सोलतोय असं कुणाला वाटेल, म्हणून माझा धंदा सांगतो. मी २९ वर्षं डेस्कवर उपसंपादक होतो आणि त्यातली निम्मी वर्षं आमच्या पेपरातली 'चौकट' माझ्याकडे होती. पान लावताना दोन मोठ्या बातम्यांच्या मध्ये भोक राहायचं, त्यात बसवायचा तो मजकूर. दोन तोंडांचं वासरू, नवऱ्या मुलाला सोडून निघून गेलेली वरात, चोरी करता करता तिथेच झोपलेला चोर. टेलिप्रिंटरवर असलं काही आलं की रात्रपाळीची पोरं कागद फाडून माझ्याच टेबलावर आणायची. अग्रलेख कोण वाचतो याची आम्हाला शंका होती, चौकट कोण वाचतो याची नव्हती.

एक चौकट अजून माझ्या कात्रणवहीत आहे. नव्वदच्या दशकातली, सांगली जिल्ह्यातली. तालुक्याच्या वार्ताहरानं सहा ओळी पाठवल्या होत्या. एक शेतकरी म्हैस घेऊन रानातून घरी येत होता. तंबाखू मळायला दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून त्यानं म्हशीचा दोर कमरेला बांधला होता. वाटेत कुणाच्या लग्नाची वरात, फटाक्यांची माळ लागली, म्हैस उधळली. फर्लांगभर ओढत नेलं. दवाखान्यात पोहोचण्यापूर्वी मृत्यू. रात्री साडेअकराला मी मथळा दिला : 'यमाचा रेडा नव्हे, घरचीच म्हैस!' वृत्तसंपादकानं पाठीवर थाप मारली आणि चहा मागवला. तुम्हालाही आत्ता हसू आलं असेल. येऊ दे. मथळा चांगलाच होता.

मरणावर हसणं आपल्याला कुणी बाहेरून येऊन शिकवायला नको. 'आजा मेला, नातू झाला, घरात माणसं सारखीच' हा हिशेब ज्या भाषेनं मांडला, तिला ब्लॅक ह्यूमरचं कसलं कौतुक सांगायचं? 'मेलेल्या म्हशीला मणभर दूध' हे तर माझ्या आईनं दर शोकसभेनंतर म्हणावं. आमची आजी जेवायला हाक मारायची तीच 'मेल्या, गिळायला ये' अशी, आणि ज्या दिवशी ती 'बाळ' म्हणायची त्या दिवशी पोटात गोळा यायचा. सतीश आळेकरांचं 'महानिर्वाण' पुण्यात १९७४ साली रंगमंचावर आलं. चाळीतला भाऊराव मरतो, मेल्यावर कीर्तन लावतो आणि मला जुन्याच स्मशानात जाळा म्हणून हटून बसतो. ते स्मशान तर बंद झालेलं असतं. प्रेत घरात आणि सोय कुणाचीच नाही. ते नाटक पाहताना मी ज्या तऱ्हेनं हसलो, तसा एकाही विनोदी नाटकाला हसलेलो नाही, कारण महिन्याभरापूर्वीच आमच्या वडिलांच्या वेळी लाकडाच्या भावावरून झालेली घासाघीस मी ऐकून आलो होतो.

आमच्या घरीही हे चालतं. परवा सौभाग्यवती म्हणाल्या, "बातमीसाठी एक बरा फोटो काढून ठेवा. आधार कार्डावरचा दिला तर लोक म्हणतील, सुटला बिचारा."

सौभाग्यवतींना हा विनोद करण्याचा हक्क आहे. मी गेलो तर बातमी पोहोचवायला पेपरच्या कचेरीत त्यांनाच जावं लागणार आहे. बँकेच्या रांगेतल्या त्या गृहस्थांनाही होता, त्यांचाही अंगठा यंत्राला दिसत नव्हता. लोकलच्या दारात लोंबकळणारा माणूस लोकलमधल्या मरणावर जे बोलतो, ते ऐकून बाहेरच्याच्या अंगावर काटा येईल; पण तो दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच दारात असतो. माझी तक्रार आहे ती दुसऱ्या जातीच्या हसण्याबद्दल. सेल्फी काढताना कड्यावरून पडला, पैज मारून काहीतरी गिळलं, विहिरीत पडलेल्या बादलीपायी जीव गेला. अशी बातमी वाचून हसताना आपण मनात एक वाक्य पुरं करत असतो : मूर्ख होता म्हणून मेला. म्हणजे मी मूर्ख नाही, म्हणजे माझी पाळी इतक्यात नाही. फार स्वस्तातला विमा आहे हा. हप्ता मेलेला माणूस भरतो.

चमत्कारिक बातम्या फिरवूच नका, असं मी म्हणणार नाही. मीच रोज दोन टाकतो. मला हवंय ते एवढंच, की बातमी जिथे हसू येतं तिथे कापू नये. थोडी पुढे जाऊ द्यावी. आणि पुढे गेलं की मजा कमी होते हा समज चुकीचा आहे. ओरेगनच्या देवमाशाचंच बघा.

ही चित्रफीत तुमच्या फोनवर कधी ना कधी आली असेल. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, ओरेगन राज्यातल्या फ्लॉरेन्स गावाजवळ ४५ फूट लांबीचा, आठ टनांचा मेलेला देवमासा वाहून आला. दुर्गंधी सुटली. काम महामार्ग खात्याकडे होतं. त्यांनी ठरवलं, डायनामाइट लावू, तुकडे होतील, उरलेलं समुद्रपक्षी खातील. अर्धा टन डायनामाइट लावलं. १२ नोव्हेंबर १९७० रोजी तो उडवला आणि बघ्यांवर चरबीचा पाऊस पडला. पाव मैलावर उभ्या असलेल्या एका मोटारीचं छत मांसाच्या तुकड्यानं चेपलं. माशाचा बराच भाग होता तिथेच राहिला. पक्षी स्फोटाच्या आवाजानं केव्हाच पळाले होते.

इथे फॉरवर्ड संपतं. खरी गंमत पुढे आहे. १९९० मध्ये डेव्ह बॅरी नावाच्या अमेरिकी विनोदी स्तंभलेखकानं यावर लिहिलं. त्या लेखाचा तुकडा कुणीतरी त्याचं नाव आणि घटनेची तारीख वगळून संगणकांवर फिरवला. व्हॉट्सअ‍ॅप जन्मालाही आलं नव्हतं तेव्हा. आणि वीस वर्षांहून जुन्या देवमाशाबद्दल ओरेगनच्या महामार्ग खात्याला फोन येऊ लागले, की परवा तुम्ही हे काय केलंत! त्याआधी १९७९ मध्ये त्याच गावाजवळ ४१ देवमासे किनाऱ्याला लागून मेले होते. तेव्हा खात्यानं डायनामाइटचं नावही काढलं नाही. मासे जाळले आणि पुरले. एखाद्या सरकारी खात्याला एका स्फोटात अक्कल आल्याचं हे माझ्या माहितीतलं एकमेव उदाहरण. आणि २०२० मध्ये फ्लॉरेन्सकरांनी आपल्या नव्या उद्यानाला नाव काय द्यावं? 'स्फोटक देवमासा स्मृती उद्यान'. आपल्या फजितीची पाटी त्यांनी आपणच लावून घेतली. हे कळल्यावर मूळ चित्रफीत दुप्पट हसवते की नाही?

हे शोधायला मला दहा मिनिटं लागली. ग्रुपवर टाकलं तर एका मित्राचा निरोप आला, "अरे, देवमासा आहे, पोथी नाही. इतकं मोठं कोण वाचतो?" हाच मित्र सेवेत असताना कनिष्ठ वार्ताहरांना 'पाठपुरावा' या विषयावर तास-तास झापायचा. पण त्याला तरी काय बोलायचं, पाठपुराव्याच्या वहीत चौकट आम्ही कधीच चढवली नव्हती. खून, घोटाळा, धरणग्रस्त हे सगळं त्या वहीत असायचं. चौकटीतला माणूस मात्र दुसऱ्या दिवशी रद्दीत. म्हणून दोष फोनला देणं मला अवघड जातं. तारीख कापायची, कारण कापायचं, माणसाचा नमुना करून ठेवायचा, हे आमच्या कात्रीनं आधी केलं. फोननं ते फुकट आणि घरोघर केलं, एवढंच. आज जी वर्तमानपत्रं चालवतात त्यांनी महिन्यातून एकदा, हवं तर त्याच भोकात, मागच्या चौकटीतल्या एखाद्या माणसाचं पुढे काय झालं ते छापावं. जागा तेवढीच लागेल. वार्ताहराला एसटीनं एकदा गावात जाऊन यावं लागेल, ते मात्र खरं.

म्हशीच्या बातमीचं पुढे काय झालं, ते मला कुठेही जाऊन शोधावं लागलं नाही. ते चालत आलं.

आठ-दहा दिवसांनी दुपारी शिपायानं एका माणसाला माझ्या टेबलाशी आणलं. पांढरी टोपी, हातात वायरची पिशवी. मागच्या अंकाच्या दोन प्रती हव्या होत्या. कशाला, विचारलं, तर म्हणाला, मदतीच्या अर्जाला जोडायला पेपरचं कात्रण मागितलंय. मी गठ्ठ्यातून अंक काढला आणि पान उघडल्यावर माझ्या लक्षात आलं. त्यानं चौकटीवर बोट ठेवून सावकाश वाचलं. मग म्हणाला, "नाव बरोबर हाय, गाव बरोबर हाय. फकस्त ही वरची ओळ सोडून मिळंल का, सायेब?"

त्या काळी आम्ही कात्रीनंच पानं लावायचो. मी मथळ्याच्या खालून कात्री फिरवली, दोन्ही प्रतींना. कोऱ्या कागदावर चिकटवून वर हातानं तारीख लिहिली, कचेरीचा शिक्का मारला. काहीतरी बोलायला हवं म्हणून विचारलं, तंबाखूचं फार व्यसन होतं का त्यांना?

"तंबाखू? कवाच न्हाई," तो म्हणाला. "माझा थोरला भाऊ त्यो. डावा हात न्हवता त्याला, मळणीच्या मशिनीत गेलेला. एका हातानं म्हस आवरंना, म्हून दोर कमरंला बांधायचा. रोजचंच हुतं त्ये."

त्यानं कात्रणं घडी न करता पिशवीत सपाट ठेवली. मी नको नको म्हणत असताना दोन अंकांचे पैसे टेबलावर मोजून ठेवले आणि जिना उतरून गेला.