सारखं तोंड, निराळं पोट

"अहो, आता सगळ्यांचं एकच झालंय ना, आता तरी कुरकुर थांबवा!" इथे जर्मनीत चार्जरविषयी तक्रार केली की आपल्या मंडळींकडून हे हमखास ऐकायला मिळतं. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोन, टॅब्लेट, कॅमेऱ्यांना यूएसबी-सी सक्तीचं केलं, लॅपटॉपसाठी तारीख दिली २८ एप्रिल २०२६. प्रश्न मिटला म्हणे!

मिटला नाही हो, झाकला गेलाय.

नोकियाची ती बारीक गोल पिन आठवते? दुसऱ्या कंपनीच्या फोनमध्ये जायची नाही. वैताग होता, कबूल. पण कारभार सरळ होता. आपल्याकडे गिझरचा जाड पिनांचा प्लग ५ अँपिअरच्या साध्या सॉकेटात शिरतच नाही. विजेतलं ओ की ठो न कळणाऱ्यालाही आकारच सांगतो, बाबा रे, इथे नको.

सी केबलचं तोंड मात्र सगळीकडे तेच. आत काय आहे ते बनवणारा जाणे! एक ६० वॅट नेते, दुसरी २४०. तीन अँपिअरच्या वर जायचं तर केबलमध्ये तिची ओळख सांगणारी चिप लागते. ती नसली की तुमचा महागडा चार्जर निमूटपणे हात आखडता घेतो. एक केबल सेकंदाला ४८० मेगाबिट माहिती नेते, शेजारची ४० गिगाबिट. २०२३ चा आयफोन १५ प्रो १० गिगाबिटचा, आणि खोक्यातली केबल ४८० मेगाबिटची!

बरं, नुसतं हळू चालण्यावर भागत नाही. २०१५ मध्ये गूगलचे अभियंते बेन्सन ल्युंग यांनी ऑनलाइन मिळणाऱ्या केबल्स तपासायला घेतल्या. एका टोकाला जुनं चपटं यूएसबी आणि दुसऱ्या टोकाला सी असेल, तर आत ५६ किलोओहमचा रेझिस्टर हवा. कित्येकांत १० चा निघाला. मग फोनला वाटतं समोर ३ अँपिअरचा दमदार चार्जर आहे, आणि तो बिचाऱ्या जुन्या पोर्टकडून न झेपणारा करंट ओढू लागतो. २०१६ मध्ये तर चुकीच्या तारा जोडलेल्या एका केबलने ल्युंग यांचा लॅपटॉपच निकामी केला.

यावर माझे हुशार मित्र म्हणतात, "स्पेक वाच ना!" अरे, मी वाचेन, माझं पोटच त्यावर आहे. माझ्या आईने वाचायचं का? यूएसबी ३.० चं नाव आधी ३.१ जेन १ झालं, मग ३.२ जेन १. वेग तोच, बारसं तीनदा!

सगळ्या केबल्स एकसारख्या करा असं मी म्हणत नाही. ४० गिगाबिटची केबल आखूड, जाड आणि महाग असते. रात्री उशाशी फोन लावायला ती कशाला? मला हवेत फक्त दोन आकडे, वॅट आणि वेग, केबलच्या टोकावर छापलेले. बिस्किटाच्या पुड्यावर वजन छापायची सक्ती असते, मग इथेच काय अडलं? यूएसबीच्या संघटनेकडे आकड्यांचे लोगो आहेत, पण ते प्रमाणित केबल्सपुरते, तेही ऐच्छिक. युरोपीय संघाने केबल्ससाठी नियम मंजूर केले २०२५ मध्ये, लागू होणार २०२८ च्या अखेरीस. फोनला कायदा आधी आणि केबलला चार वर्षांनी, हा कुठला न्याय?

तोवर मी घरातली प्रत्येक केबल मीटर लावून तपासतो आणि चिकटपट्टीवर पेनाने आकडा लिहून ठेवतो. पाहुणे हसतात. जाताना मात्र नेमकी जास्त वॅटची केबल मागतात.