बिऱ्हाड कोठें करावें?

उपनगरांत जागा पाहावयास निघालेलीं कुटुंबें बहुधा रविवारीं दुपारीं जातात. त्या वेळीं रस्ते मोकळे असतात, नळाची वेळ टळून गेलेली असते, आणि दलाल नव्या लाद्यांचें तेज दाखवीत असतो. घरचा मिळवता मुलगा दोनच प्रश्न विचारतो : स्टेशन किती मिनिटांवर, आणि भाव काय ? प्रश्न गैर नव्हेत. परंतु डोंबिवलीहून मुंबईचें छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ४८ किलोमीटर दूर. जो गृहस्थ सकाळीं सातला निघून रात्रीं आठला परततो, तो तेथें राहतो असें म्हणण्यापेक्षां निजावयास येतो असें म्हणणेंच योग्य. राहतात तीं म्हातारीं माणसें, मुलें आणि घर सांभाळणारी सून. पारख त्यांच्या डोळ्यांनीं व्हावयास हवी, आणि त्यांना तर जागा दाखविली जाते ती बयाणा देऊन झाल्यावर !

चाणक्याच्या नांवावर चालणाऱ्या नीतिसंग्रहांत धनिक, श्रोत्रिय, राजा, नदी व वैद्य हीं पांच जेथें नसतील तेथें एक दिवसही राहूं नये, असें सांगितलें आहे. पहिल्या तिघांविषयीं डोंबिवलीस चिंता नाहीं. धनिकाच्या जागीं बँका आल्या, श्रोत्रियाच्या जागीं शाळा व वाचनालयें. आणि राजा म्हणाल तर महानगरपालिका १९८३ पासून आहे. तिच्या कारभाराविषयीं ज्यानें त्यानें भर पावसाळ्यांत रस्ता पाहून मत बनवावें.

नदीचें मात्र उलट झालें आहे. नीतिकारास ती जवळ हवी होती. आम्ही म्हणतों, उल्हास खाडीच्या बाजूस घर पाहतांना २६ जुलै २००५ रोजीं पाणी कोठवर चढलें होतें, तें तळमजल्यावरील जुन्या बिऱ्हाडकरूंस विचारावें. नळ किती वाजतां येतो व किती वेळ टिकतो, हेंही त्यांच्याच घरच्या बाईंकडून कळेल. दलालाकडून कळणार नाहीं.

वैद्य आहे कीं नाहीं, हें पाटीवरून ठरवूं नये. रात्रीं दोन वाजतां आजोबांना धाप लागली, मुलगा रात्रपाळीस गेलेला, लिफ्ट बंद. अशा वेळीं सून एकटी त्यांना चौथ्या मजल्यावरून उतरवून दवाखान्यांत कशी व किती वेळांत नेईल, याचा हिशेब घर घेण्यापूर्वीं करावा. वरच्या मजल्याची हवा चांगली, हें आम्हांसही मान्य आहे.

नीतिकारास ठाऊक नसलेली एक गोष्ट येथें आहे. पूर्वेकडील औद्योगिक वसाहतींत २६ मे २०१६ रोजीं, आणि पुन्हां २३ मे २०२४ रोजीं, रासायनिक कारखान्यांत स्फोट होऊन माणसें दगावलीं व दूरच्या घरांच्या कांचा फुटल्या. तेव्हां स्टेशनचीं मिनिटें मोजणाऱ्यानें कारखान्यांचें अंतरही मोजावें, आणि एकदां पहांटे तेथें उभें राहून हवेचा वास घ्यावा.

इतकें असूनही आम्ही डोंबिवलीस नांवें ठेवणार नाहीं. गुढीपाडव्याच्या ज्या शोभायात्रा आज गांवोगांव निघतात, त्यांचा आरंभ येथील गणेश मंदिर संस्थानानें १९९९ सालीं केला. माणसें एकमेकांस ओळखतात तेथेंच असें कांहीं उभें राहतें, आणि वाडा सोडून आलेल्या सत्तरीच्या स्त्रीस ओळखीइतकी गरज दुसऱ्या कशाचीच नसते. कोणाचा हात न धरितां तिला देवळापर्यंत जातां येतें काय, वाटेंत टेकावयास कट्टा आहे काय, हें तिलाच बरोबर नेऊन, आठवड्याच्या मधल्या एखाद्या सायंकाळीं, चालून पाहावें. तिनें 'नको' म्हटलें तर कारण विचारावें, आणि तें पुरतें ऐकेपर्यंत बयाणा खिशांतच असूं द्यावा.